फाटक पडलंय!

पायांत जाड तळाच्या चपला घाला. डोक्याला रुमाल गुंडाळा, नाहीतर पदर घ्या. मोबाइल इथेच ठेवा, तिथे तो काय आहे हेही कुणाला कळणार नाही. झालं? मग या माझ्यामागून. एक पाऊल टाका, की तुम्ही 1968 च्या आसपासच्या एका वैशाखात पोचलात. पुणे–मिरज लोहमार्ग, नीरा आणि लोणंद यांच्या मधलं एक रेल्वे फाटक, सकाळचे साडेनऊ.

आधी नाक जागं होईल. जळक्या कोळशाचा वास इथल्या हवेत मुरलेला आहे, गाडी नसतानाही येतो. त्यात बैलांच्या शेणाचा, रुळांवर सांडलेल्या काळ्या तेलाचा आणि लोणंदच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या पोत्यांचा वास मिसळलाय. खाली बघा. रूळ किती जवळजवळ आहेत! मधलं अंतर जेमतेम एक मीटर. या लाइनवर रुंद रूळ पडायला अजून तीनेक वर्षं आहेत. तोवर पुण्याहून मिरजेला जायचं ते या छोट्या गाडीने, वाफेच्या इंजिनामागे, डोळ्यांत कोळशाचे कण घेत.

रूळ हाताने चाचपून बघू नका. चटका बसेल.

फाटकाशेजारी दगडी भिंतींची एक खोली आहे, पुढे कडुलिंब आणि त्याच्या सावलीत पाण्याचा माठ. खाकी सदऱ्यातले ते गेटमन. सगळे त्यांना तात्या म्हणतात, तुम्हीही म्हणा. ते तुमच्याकडे एकदा बघतील, कुठून आलात असं विचारणार नाहीत. फाटकावर रोज शंभर अनोळखी माणसं थांबतात.

"बसा सावलीला. प्याशिंजर यायला टाइम हाय. पाणी घ्या."

माठातलं पाणी घ्या. पितळी तांब्या आधी ओठांना गार लागेल, मग पाण्याला मातीची चव येईल. खोलीत डोकावून बघा. खुंटीला दोन झेंडे, एक लाल आणि एक हिरवा, काठीला गच्च गुंडाळलेले. कोपऱ्यात लाल-हिरव्या काचांचा कंदील, रात्रीसाठी. एका पत्र्याच्या डब्यात चपटी, गोल, पट्ट्या लावलेली काहीतरी वस्तू आहे. तिला हात लावू नका. ते पटाखे आहेत. पुढे लाइन अडलेली असली आणि गाडी थांबवायची असली, की हे पटाखे दूरवर रुळांना बांधतात. चाकाखाली स्फोट झाला की ड्रायव्हर ब्रेक लावतो. तात्यांनी ते आजवर वापरले नसतील, पण दर पाळीला मोजतात.

टर्र्र. भिंतीवरचा फोन वाजला. तात्यांचा चेहरा बदलला बघा. मघाचा गप्पिष्ट माणूस गेला, आता कामावरचा माणूस उभा आहे. पलीकडून स्टेशन मास्तर सांगतात, गाडी सुटतेय. दोघं एकमेकांना एकेक आकडा सांगतात आणि आपापल्या वहीत उतरवतात. निरोप पोचल्याची हीच पावती. तात्या पेन्सिल कानावर अडकवतात आणि बाहेर येतात.

"या, हात लावा."

लावा की! हँडल लोखंडी आहे, तापलंय, वंगणाने चिकट झालंय. दोन्ही हातांनी फिरवा. घंटा घणघणू लागेल आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लांब दांडे डुलत डुलत खाली येतील. तेवढ्यात एक सायकलवाला पायडल मारत आत घुसेल आणि दुसऱ्या दांड्याखालून मान वाकवून निसटेल. त्याच्या किटलीतलं दूध हिंदकळून तुमच्या पायावर सांडेल. तात्या त्याला दोन खणखणीत शिव्या घालतील, त्यांच्या मुलाच्या वयाचा आहे तो. दांडे बसले. साखळी अडकली. कुलूप लागलं.

"फाटक पडलंय!" कुणीतरी ओरडतं, आणि रस्त्याचा बाजार होतो.

आता बघा कसे एकामागोमाग येतात. कांद्याच्या चार बैलगाड्या. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या सायकली. डोईवर पाट्या घेतलेल्या बाया, एकीच्या कमरेवर पोर. धनगराची पन्नास-साठ मेंढरं, त्यांच्या अंगाचा उग्र ओला वास आणि धुळीचा लोट. शेवटी एस.टी. तिचं इंजिन थरथरतंय, खिडक्यांच्या पट्ट्या खडखडतायत, आत माणसं घामाने एकमेकांना चिकटलीयत. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून खाली उतरतो आणि बिडी पेटवतो. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. इंजिन बंद झाल्यावर तुम्हाला कळेल, इथे पाखरंही आहेत.

कुठून तरी दोन पोरं उगवतात. एकाच्या टोपलीत काकड्या, दुसऱ्याकडे लिमलेटच्या गोळ्या आणि भाजलेल्या शेंगा. काकडी घ्या. पोरगं ती चार उभ्या चिरा देऊन उघडतं, आत तिखट-मीठ भरतं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येईल, पण हात थांबणार नाही. शेजारची म्हातारी तुम्हाला विचारेल, कुठल्या गावचे, आडनाव काय, लगीन झालंय का. तिला उत्तरं द्या. दहा मिनिटांत ती तुमचं कुळ-मूळ काढेल, आणि बहुधा तुमची एखादी लांबची आत्याही तिच्या गावात सापडेल.

आणि हे दहा मिनिटं थांबणं सगळ्यांना किती जड जातंय तेही बघा. सारख्या माना वळतात. "अजून सिग्नल पडला नाही का?" "तात्या, आवं सोडा की, गाडी दिसंना सुदिक." तात्या बोलत नाहीत. ते लाइनीकडे बघत उभे आहेत, काखेत झेंडे. त्यांना ठाऊक आहे, गाडी दिसायच्या आधीच फाटक बंद असायला हवं.

सिग्नलचा हात पडला! आता रुळाच्या जवळ जाऊ नका, फक्त उभे राहा. आधी तळपायांना कळेल. जमिनीत बारीक कंप आहे. मग लांब शिटी येईल. फाटकाच्या अलीकडे, लाइनीच्या कडेला एक पाटी आहे, "सी/फा", सीटी फाटक. ती दिसली की ड्रायव्हर शिटीची दोरी ओढतो आणि फाटक येईपर्यंत वाजवत राहतो. तो आवाज बैलांच्या कातडीवरून फिरताना दिसेल. गाडीवान उडी मारून बैलांच्या पुढ्यात उभा राहतो, दोघांच्या मुसक्या धरतो आणि त्यांच्याशी बोलू लागतो. मेंढरं एकमेकांत घुसतात. कडेवरचं पोर आईच्या मानेत तोंड खुपसतं.

आणि मग ती येते. काळं इंजिन, पोटाखालून सुटणारी पांढरी वाफ, पुढेमागे झेपावणारे लोखंडी दांडे. भट्टीच्या उघड्या तोंडाची धग तुमच्या गालावर येईल, एवढ्या उन्हातही ती वेगळी कळेल. फावडं हातात घेतलेला फायरमन दिसेल, त्याचे फक्त डोळे आणि दात पांढरे आहेत. डोळे मिटून घ्या, कोळशाचे कण येतायत. मिटल्या डोळ्यांनी ऐका: खडक्-खडक्, खडक्-खडक्, सांध्यांवरून जाणारी चाकं. पोरं ओरडून डबे मोजतायत. खिडक्यांतले हात हलतायत, तुमचाही हात आपोआप वर जाईल. गार्डाच्या डब्यातून हिरवा झेंडा दिसेल, तात्यांचा हिरवा झेंडा त्याला उत्तर देईल. मग फक्त धूर, आणि तोंडात राखेची कडू चव.

कुलूप निघालं, दांडे उठले, आणि दोन्ही बाजूंचे सगळे एकाच वेळी निघाले! बैलगाडीचं चाक रुळाच्या खाचेत आदळतं, जू करकरतं. एस.टी.चा हॉर्न, मेंढरांची बें बें, गाडीवानाचा "हिर्रर्र". तुम्ही या धक्काबुक्कीत कुणाचा तरी कोपर खाल, कुणाच्या तरी पायावर पाय द्याल आणि हसाल. पाच मिनिटांत रस्ता मोकळा. शेंगांची टरफलं तेवढी उरली.

दुपारी तात्यांच्या घरून भाकरी येईल. जेवल्याशिवाय ते तुम्हाला सोडणार नाहीत. ज्वारीची भाकरी, खर्डा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि वर ताक. जेवून झोपू नका. मला तुम्हाला अर्धा मैल चालवायचंय, नीरेच्या दिशेने. लाइनीतून की-मन निघालाय, खांद्यावर हातोडा. रोज आपल्या टापूतल्या रुळांच्या चाव्या ठोकत जाणं हे त्याचं काम. ठण्, ठण्. त्याच्या मागून चला.

इथे थांबा. बघा, इथेही एक रस्ता लाइनीला ओलांडतो. गाडीवाट आहे, दोन चाकोऱ्या आणि मधे वाळलेलं गवत. एका बाजूला उसाचा फड उभा, दुसऱ्या बाजूला बाभळी. फाटक नाही. तात्या नाहीत. माठ नाही, फोन नाही, घंटा नाही. एक पाटी तेवढी आहे, तिच्यावर धुळीचा थर. शेताला जाणारे बैल, शाळेला जाणारी पोरं, सगळे इथून जातात आणि रोज सुखरूप पोचतात. म्हणून तर भीती मोडलीय.

एक प्रयोग करू. की-मन म्हणतो, मालगाडी यायचीय. लाइनीपासून चांगली दहा पावलं मागे या आणि नीरेकडे बघा. दिसली? लांब, उन्हाच्या झळांत थरथरणारा एक काळा ठिपका, वर धुराची रेघ. आता मला सांगा, ती चालतेय की उभी आहे?

उभीच वाटते ना? बघत राहा. ठिपका वाढत नाही. तुमच्या मनात येतंच, एवढ्यात तर आरामात ओलांडून झालं असतं. अजूनही ती तिथेच. अजूनही. आणि एकदम ती इंजिन होते, तुमच्या अंगावर येते, वारा सदरा ओढतो आणि पाय नकळत आणखी दोन पावलं मागे जातात.

तुमचे डोळे अधू नाहीत. थेट समोरून येणारी वस्तू दूर असताना फार हळू मोठी होताना दिसते आणि जवळ आल्यावर एकदम फुगते. त्यातून ती अवाढव्य असली, की तिचा वेग खऱ्याहून कमी भासतो. आणखी सतरा वर्षांनी, 1985 साली, हर्शेल लीबोविट्झ नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात हे मांडतील. की-मनला ते आजच ठाऊक आहे. तो एवढंच म्हणतो, "गाडी दिसली म्हंजी ती आलीच, आसं समजायचं."

हिशेबही इथेच, उभ्या उभ्या करून टाका. या लाइनवरची पॅसेंजर ताशी 75 किलोमीटरपर्यंत धावू शकते. म्हणजे सेकंदाला सुमारे 21 मीटर. थांबलेली मोटार पहिल्या गिअरमध्ये टाकून चढ चढून रूळ ओलांडायला सहा सेकंद धरा. तेवढ्यात गाडी सव्वाशे मीटर पुढे आलेली असते. समोर काही दिसलं आणि ड्रायव्हरने त्याच क्षणी ब्रेक लावला, तरी शेकडो टनांची गाडी थांबायला कित्येक पट अंतर घेते. तिला बाजूला वळता येत नाही. वाफेच्या इंजिनात तर ड्रायव्हरच्या पुढ्यात लांबलचक बॉयलर असतो. पलीकडच्या बाजूचं त्याला दिसत नाही, तिकडचं फायरमनने ओरडून सांगायचं. तो शिटी वाजवू शकतो आणि देवाचं नाव घेऊ शकतो.

चला, परत तात्यांकडे. ऊन कलतंय आणि फोन वाजलाय.

दुसऱ्यांदा तुम्हाला कुणी सांगायला नको. तुम्हीच हँडल धरता, घंटा वाजते, दांडे उतरतात. संध्याकाळची पॅसेंजर, नीरेकडून येणारी. पुन्हा गर्दी. या वेळी कुट्टीचा आणि वाळल्या कडब्याचा वास आहे, गुरं घरी निघालीयत. आणि गर्दीच्या मागे एक काळी अँबॅसिडर येऊन थांबते. बॉनेटवर झेंडूच्या माळा. आत नऊ-दहा माणसं कोंबलेली, मांडीवर पोरं, पोरांच्या हातांत फुगे. नव्या कोऱ्या लुगड्यांचा खळीचा वास, अत्तर, घाम, मोगऱ्याचे गजरे. करवली तेरा-चौदा वर्षांची आहे, तिने पहिल्यांदाच नऊवारी नेसलंय आणि ते सुटू नये म्हणून ती ताठ बसलीय. मुलीचे मामा पुढे बसलेत, फेटा मांडीवर काढून ठेवलाय. त्यांच्या हातात घड्याळ आहे आणि ते सारखं बघतायत.

"गोरज मुहूर्त आहे हो," ते कुणालाही उद्देशून म्हणतात.

गर्दी लगेच त्यांची होते. कुठलं लगीन, कुणाची लेक? काकडीवाला पोरगा करवलीला काकडी देतो, पैसे घेत नाही. सकाळची म्हातारी बाजारातून परत आलीय, ती मामांना म्हणते, "मुहूर्त टळला तर दुसरा काढत्यात बामण. घाई नगं." सगळे हसतात. मामाही हसतात, आणि पुन्हा घड्याळ बघतात.

गाडीला उशीर झालाय. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मोटारीत पोर रडायला लागलंय. तेवढ्यात एक जण पुढे येतो. भला माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत नुसती मदत करायची इच्छा आहे. तो सांगतो, "हितनं मागं वळा. अर्ध्या मैलावर गाडीवाट हाय, तितं फाटक न्हाई. सरळ पल्याड निघताय."

तुम्ही दुपारी तिथे उभे होतात. तुमच्या पोटात गोळा येतो. तुम्ही गर्दीतून वाट काढता, मोटारीच्या खिडकीवर हात ठेवता आणि सांगता, "नका जाऊ. गाडी याच बाजूने येतेय. तिथून ती दिसते पण कळत नाही. थांबा ना, पाचच मिनिटं."

ड्रायव्हर तुमच्याकडे बघून हसतो. तरुण आहे, पुण्याचा आहे, हा रस्ता त्याने आज पहिल्यांदा पाहिलाय. "बघून जाऊ की, साहेब," तो म्हणतो. मामा म्हणतात, "पाच मिनिटांचंच तर काम आहे." त्यांनी तुमचं ऐकलं नाही म्हणून त्यांच्यावर रागावू नका. तुम्ही स्वतः अशा पाच मिनिटांसाठी किती ठिकाणी घाई केलीत, ते आठवा. मोटार मागे येते, वळते, धुळीत जाते. करवलीचा हात खिडकीतून हलताना दिसतो.

तात्या फोनपाशी होते. बाहेर येऊन विचारतात, "लग्नाची मोटार कुठं गेली?" कुणीतरी हात करून दाखवतं. तात्या काही बोलत नाहीत. झेंडे उचलतात, लाल उलगडतात आणि रुळांच्या मधोमध उभे राहतात, नीरेकडे तोंड करून. गाडी अजून वळणापलीकडे आहे. तिथून हा झेंडा कुणाला दिसणार नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी ते हलवत राहतात.

शिटी येते. सकाळसारखी लांब. मग ती थांबत नाही. मग ती तुटक होते, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. आणि मग तुम्हाला लोखंडावर लोखंड घासल्याचा एक लांबलचक आवाज ऐकू येतो. गाडी फाटकापर्यंत येतच नाही.

आधी कुणीच हलत नाही. मग सगळेच पळतात. एस.टी.चा ड्रायव्हर, कंडक्टर, गाडीवान, बाया पदर खोचून. भला माणूस सगळ्यात पुढे पळतोय, अनवाणी. तुम्हीही पळा, खडीवरून पळताना घोटे दुखतील. तात्या मात्र जागेवरच आहेत. फाटक सोडून जायची त्यांना मुभा नाही. ते फोनचं हँडल फिरवतायत आणि त्यांचा हात थरथरतोय.

तिथे पोचल्यावर जे दिसेल ते मी सांगणार नाही. माणसांनी काय केलं ते सांगतो, ते बघण्यासारखं आहे. गाडीतले उतारू खाली उतरलेत. कुणी धोतर फाडून पट्ट्या करतोय, कुणी लुगडं अंथरतोय. गार्डाने औषधांची पेटी आणलीय, तिच्यात आयोडिन आहे, कापूस आहे, आणि पुरेसं काहीच नाही. जवळच्या वस्तीवरून चार बाजा आल्यात, मागोमाग पाण्याच्या घागरी. कुणाची जात, कुठलं गाव, कुणी विचारत नाही. जे हलतायत त्यांना बाजेवर घालून आठ-आठ जण उचलतायत. एस.टी. फाटकापासून वळून गाडीवाटेने आत आलीय, सीटवर माणसं झोपवलीयत, उरलेले उतारू न सांगता खाली राहिलेत. काकडीवाला पोरगा टोपली टाकून रस्त्यावर उभा आहे आणि एस.टी.ला मोकळी वाट करून देतोय.

इंजिनाकडे या. ड्रायव्हर खाली खडीवर बसलाय, पाठ चाकाला टेकून. हात काळे, त्यावर पाण्याच्या रेघा. फायरमन त्याला पाणी देतो, तो ते हातातच धरून ठेवतो. "शिटी दिली," तो म्हणतो. "शिटी दिली हो मी." कुणी त्याला दोष देत नाही. तरी तो प्रत्येकाला सांगतो. या एकेरी लाइनचा लोखंडी गोळा त्याच्याजवळ आहे. तो लोणंदला जमा होईपर्यंत या टापूत दुसरी गाडी सुटणार नाही, आणि तो जमा करायला आज नाहीतर उद्या यालाच पुन्हा त्या खुर्चीवर बसायचंय. त्याच्या शेजारी थोडं बसा. बोलू नका काही.

अजून एक काम राहिलंय आणि या काळात ते फार अवघड आहे. लग्नघरी कळवायचं. फोन आहे तो स्टेशनात, मांडव आहे आठ मैलांवरच्या गावात. मग एक जण सायकलवर निघतो. सकाळी दांड्याखालून निसटला तोच, दुधाच्या किटल्या काढून ठेवून. अंधार पडायच्या आत त्याला पोचायचंय. वाटेत त्याला सनईचा आवाज ऐकू येईल, पंगतीसाठी आणलेल्या केळीच्या पानांचे भारे दिसतील, पोरं सायकलमागे पळतील. मांडवाच्या दारात उतरून पहिलं वाक्य काय बोलायचं, याचा विचार तो आठ मैल करत राहील.

हा एका ठरावीक दिवसाचा वृत्तान्त नाही. असे दिवस या देशात कितीतरी आले, त्यांचा एक दिवस करून मी तुम्हाला दाखवला. आता परत या.

इकडे बरंच बदललंय. त्या लाइनवर रुंद रूळ आले, वर विजेच्या तारा आल्या. पुष्कळ ठिकाणी फाटक लागल्याशिवाय सिग्नलच मिळत नाही. पण बदल सहज आले नाहीत. 2005 च्या फेब्रुवारीत नागपूरजवळ कन्हानच्या बिनफाटकाच्या रस्त्यावर लग्नाची माणसं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रेल्वेखाली आली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. 2014 च्या जुलैत तेलंगणातल्या मासाईपेटला नांदेडहून सिकंदराबादला निघालेल्या पॅसेंजरने शाळेच्या बसला धडक दिली, डझनाहून अधिक मुलं गेली. तिथेही फाटक नव्हतं. अनिल काकोडकरांच्या समितीने 2012 सालीच सांगितलं होतं की पाच वर्षांत सगळी फाटकं, राखणदार असलेली आणि नसलेलीही, काढून पूल आणि भुयारी रस्ते करा. ब्रॉडगेजवरची शेवटची बिनराखणीची फाटकं जायला 2019 चा जानेवारी उजाडला. राखणदार असलेली हजारो फाटकं आजही आहेत, आणि त्यांच्या पडलेल्या दांड्याखालून मोटारसायकल तिरपी करून माणसं आजही जातात.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 131 वं कलम सांगतं की राखण नसलेल्या फाटकाशी गाडी थांबवा, सोबतच्या कुणाला तरी उतरवून रुळांपर्यंत चालत पाठवा, दोन्ही बाजू बघून झाल्यावर त्याच्या मागून गाडी न्या. सोबत कुणी नसेल तर स्वतः उतरा. कायद्याची भाषा सहसा रूक्ष असते, पण हे कलम तुम्हाला आता वेगळं वाचता येईल. आज तुम्ही ऊन खाल्लंय, कोळशाची राख चाखलीय, तो ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी उभा पाहिलाय.

तेव्हा यापुढे दांडा पडलेला दिसला की इंजिन बंद करा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. कुणी जवळची वाट सांगेल, त्याला मनापासून नको म्हणा. काच खाली घ्या, खाली उतरा, शेजारच्याला त्याचं गाव विचारा. आणि घरी फोन करून सांगा, फाटक पडलंय, उशीर होईल. घरची माणसं चिडतील, जेवण पुन्हा गरम करतील. मुहूर्त टळला तर दुसरा काढतील.